पडद्याने करून दिलेली ओळख: सिनेमा, सीरिज आणि स्वतःबद्दल लिहायला सुरुवात करायची असेल तर

हे दर काही महिन्यांनी होतंच. एखादा ट्रेलर येतो, एखादी वेबसीरिज येते आणि भांडण सुरू होतं, की यात अमुक लोकांना असंच का दाखवलंय, तमुक भूमिका याच नटाला का दिली, त्या बाईला एक तरी धड डायलॉग द्यायचा ना. समोरून लगेच उत्तर येतं की अहो सिनेमा आहे, मजा घ्या, सगळीकडे काय तेच. मग कोणीतरी रेप्रेझेंटेशन हा शब्द टाकतं, दुसरं कोणीतरी आयडेंटिटी पॉलिटिक्स म्हणतं, आणि ज्याला हे मनापासून समजून घ्यायचं होतं तो माणूस तिथेच गळतो.

मला या भांडणात कोण बरोबर हे सांगायचं नाहीये. मला त्या गळलेल्या माणसाशी बोलायचंय. कारण पडदा बघताना खूप जणांना काहीतरी टोचतं, किंवा उलट एखाद्या साध्याशा सीनला घसा दाटून येतो आणि का ते कळत नाही, आणि त्यावर काहीतरी लिहावं असं वाटतं. लिहायला बसलं की मात्र हातातून दोनच गोष्टी निघतात, एकतर रिव्ह्यू, नाहीतर तक्रार. माझ्याही निघायच्या, बरीच वर्षं. या दोन्हीच्या पलीकडे तिसरं काहीतरी लिहिता येतं आणि ते लिहायला फार मोठा अभ्यास लागत नाही, एवढंच मला सांगायचंय, पण नीट सांगायचंय.

"ओळख" या शब्दातच सगळं आहे

मराठीत आपली एक सोय आहे. ओळख म्हणजे मी कोण आहे ते. ओळख म्हणजे दोन माणसांची झालेली ओळखही. आणि ओळख करून देणं म्हणजे तिसऱ्याच माणसाने माझ्याबद्दल सांगणं. हे तिन्ही अर्थ एकाच शब्दात असल्यामुळे हा विषय मराठीत समजावणं मला उलट सोपं वाटतं.

घरी कोणी आलं की मोठं माणूस आपली ओळख करून देतं ना, "ही आमची धाकटी, फार लाजाळू आहे." तुम्ही अजून तोंडही उघडलेलं नसतं. आता तुम्ही लाजाळू आहात हे खोटं नसेलही, पण तुमच्याबद्दल खऱ्या असलेल्या शंभर गोष्टींतली ती एक गोष्ट, ती कोणी निवडली? तुम्ही तर नाही. मग पुढचे पाहुणे आले तरी तेच वाक्य, त्याच्या पुढच्यांनाही तेच, आणि दहा वर्षांनी अशी वेळ येते की तुम्ही गप्प बसलात तर "लाजाळूच आहे ती" आणि बोललात तर "अरे वा, आज बोलतेय!" काहीही करा, ते वाक्य तुमच्या आधी खोलीत जाऊन बसलेलं असतं.

रेप्रेझेंटेशन म्हणजे हेच, फक्त पडद्यावर आणि एकाच वेळी लाखो पाहुण्यांसमोर. मी पुढे त्याला साधं चित्रण म्हणणार आहे. एखाद्या गटातल्या माणसांबद्दल खऱ्या असलेल्या शंभर गोष्टींतून दोनतीन निवडायच्या आणि त्याच पुन्हा पुन्हा दाखवायच्या. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट असतंच असं नाही, बहुतेकदा नसतं. त्याने आधीच्या शंभर सिनेमांत तेच बघितलेलं असतं, म्हणून त्याचा हात तिकडेच जातो.

नायजेरियन लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची यांनी २००९ च्या एका भाषणात याला एकाच कथेचा धोका म्हटलं होतं. घिसंपिटं चित्रण खोटं असतं असं त्यांचं म्हणणं नव्हतं. ते अपुरं असतं, आणि एक कथा हीच एकमेव कथा होऊन बसते, हा त्यांचा मुद्दा होता. लिहिणाऱ्यासाठी हा फरक फार कामाचा आहे. "हे खोटं आहे" असं लिहायला गेलात की समोरचा एक खरं उदाहरण आणून देतो आणि तुमचा लेख तिथेच संपतो. "अजून काय काय खरं आहे" असं लिहायला घेतलं की तुम्हाला लिहिण्यासारखं भरपूर सापडतं.

मोजून कळतं का?

थोडं कळतं. १९८५ साली अमेरिकन चित्रकथाकार ॲलिसन बेक्डेल यांच्या चित्रमालिकेत एक बाई म्हणते की मी सिनेमा बघायचा असेल तर माझ्या तीन अटी आहेत: त्यात निदान दोन बायका असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात, आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलाव्यात. ही कल्पना मैत्रिणीकडून मिळाली असं बेक्डेल स्वतः सांगतात. पुढे याची बेक्डेल टेस्ट झाली आणि जगभर लोक ती लावायला लागले. अटी बघा किती साध्या, आणि कितीतरी नावाजलेले सिनेमे त्यात अडकतात.

पण टेस्ट पास झाली म्हणजे चित्रण चांगलं असंही नाही. दोन बायका एक मिनिट हवामानावर बोलल्या तरी पास, आणि एकाच बाईवर अख्खा सिनेमा असेल तर नापास. ते थर्मामीटर आहे, ताप आहे एवढं सांगतं, कशामुळे आहे ते नाही.

त्याच्याही आधी, १९७६ मध्ये, टीव्हीचा अभ्यास करणारे जॉर्ज गर्बनर आणि लॅरी ग्रॉस यांनी एक शब्द वापरला होता, तो मराठीत प्रतीकांतून पुसून टाकणं असा सांगता येईल. म्हणजे काय तर कथेच्या जगात जो दिसत नाही तो खऱ्या जगातही हळूहळू नसल्यासारखा होतो. वर्गाचा फोटो असावा आणि तुम्ही त्यात नसावं, तसं. कोणी तुमच्याबद्दल वाईट बोललेलं नाहीये, तरीही वीस वर्षांनी फोटो बघणाऱ्याच्या लेखी तुम्ही त्या वर्गात नव्हतातच.

आणि दिसणं म्हणजे असणं तरी कुठे? १९१३ च्या राजा हरिश्चंद्रमध्ये तारामती पडद्यावर दिसते, पण ते काम अण्णा साळुंके या पुरुष नटाने केलं होतं, कारण दादासाहेब फाळक्यांना काम करायला बाई मिळालीच नाही. १९१७ च्या लंकादहनमध्ये तर साळुंके रामही होते आणि सीताही. पडद्यावर बाई आहे, कॅमेऱ्यासमोर बाई नाही. नुसतं मोजायला गेलं तर हे निसटून जातं.

म्हणून मी मोजणीनंतर स्वतःला अजून थोडे प्रश्न विचारते. हे कॅरेक्टर काही निवडतं का, की त्याच्या बाबतीत नुसतं घडत जातं? त्याला काही हवंय का? आणि माझा सगळ्यात आवडता प्रश्न, त्याला चुकायची परवानगी आहे का? नायक चुकतो, खोटं बोलतो, आळशीपणा करतो आणि तरी आपला वाटतो. कमी दिसणाऱ्या गटातलं कॅरेक्टर मात्र एकतर खलनायक, नाहीतर इतकं सोन्यासारखं की त्याला साधा मत्सरही वाटत नाही. त्या सोन्यासारख्या चित्रणावर लोक फार लिहीत नाहीत. मला ते जास्त टोचतं.

हसू नक्की कुठून येतं

आता इथे मला थोडं थांबायचंय, कारण माझं लिहिणं इथूनच सुरू झालं.

मी तोतरं बोलते. लहानपणापासून. मोठ्या माणसांत साधारण १ टक्का लोक असे असतात, म्हणजे तुम्हीही कोणाला तरी ओळखतच असाल. आणि पडद्यावर तोतरं बोलणारं माणूस आलं की पुढे काय होणार हे तुम्हाला न सांगताच माहीत असतं. ते हसवायला आलेलं असतं, किंवा घाबरट असतं, किंवा काहीतरी लपवत असतं.

लहान असताना घरी सगळे मिळून एक सिनेमा बघत होतो, त्यात असा एक सीन होता. सगळे हसले. मी पण हसले. हे मी खूप वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

मोठेपणी त्याबद्दल लिहायला बसले तेव्हा पहिलं वाक्य हे आलं: "माध्यमांमध्ये तोतरं बोलणाऱ्या व्यक्तींचं चित्रण अत्यंत असंवेदनशील पद्धतीने केलं जातं आणि त्याचा समाजमनावर खोल परिणाम होतो." यात खोटं काही नाही. पण यात मी नाही, तो सीन नाही, आमचा हॉल नाही, नुसता निकाल आहे. असलं वाक्य कोणीही कशाहीबद्दल लिहू शकतं.

मग मी तो सीन शोधून काढला आणि परत बघितला, आणि तेव्हा मला जे दिसलं ते समजावायला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. १९२० च्या आसपास लेव्ह कुलेशॉव्ह नावाच्या रशियन दिग्दर्शकाने एक प्रयोग केला होता. एका नटाचा चेहरा, काहीच भाव नसलेला. तो चेहरा आणि मग सूपचा बाऊल. तोच चेहरा आणि मग शवपेटी. तोच चेहरा आणि मग एक बाई. लोकांनी म्हणे नटाचं खूप कौतुक केलं, काय भूक दाखवलीये, काय दुःख दाखवलंय. चेहरा तर एकच होता. अर्थ चेहऱ्यात नव्हता, त्याच्या शेजारी काय जोडलं त्यात होता.

आता माझा सीन. तो माणूस अडखळतो, आणि लगेच कट होऊन आजूबाजूच्या लोकांचे चेहरे दिसतात, जे हसू दाबतायत. परत त्याच्यावर, परत त्यांच्यावर. मी तोपर्यंत समजत होते की लोक तोतरेपणाला हसतात. खरं तर कॅमेरा आपल्याला उचलून हसणाऱ्यांच्या शेजारी नेऊन बसवतो. एकदा तिथे बसलात की मग तुम्ही कोणीही असा, हसणारच. मी सुद्धा तिथेच बसले होते, माझ्यासारख्याच माणसाच्या समोर.

त्या दिवशी मी असं लिहिलं:

"तो प वर अडकतो. प, प, प. कॅमेरा त्याच्याकडे तेवढाच वेळ. मग टेबलाभोवतीचे चार चेहरे, एकाने तोंडावर हात घेतलाय. परत त्याच्याकडे येईपर्यंत त्याचं वाक्य संपलेलं आहे. तो काय म्हणाला ते मला आजही माहीत नाही. आमच्या हॉलमध्ये सगळे हसले. माझा भाऊ माझ्याकडे बघून मध्येच थांबला, आणि त्याला अवघड वाटू नये म्हणून मी हसले."

यात असंवेदनशील हा शब्द नाही, समाजमन नाही. पण भावाला वाचायला दिलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

आता तुमची वही

सुरुवात अशा एकाच सीनपासून करा. अख्खा सिनेमा नको, अख्खी इंडस्ट्री तर मुळीच नको. दोन मिनिटांचा सीन, जो तुमच्या डोक्यात उगाचच राहिलाय, ज्याला तुम्ही नजर चुकवली होती, किंवा जो बघून "अरे हे तर माझंच" असं वाटलं होतं. आनंदाचा असला तरी चालेल, सगळं लिहिणं जखमेतूनच आलं पाहिजे असं काही नाहीये.

तो तीनदा बघा. एकदा आवाज बंद करून, म्हणजे कॅमेरा कोणाकडे किती वेळ थांबतो ते दिसतं, कोणाचा चेहरा पूर्ण आहे आणि कोणाची फक्त पाठ. एकदा स्क्रीन उलटी करून नुसतं ऐका, म्हणजे कोण कोणाला तोडतंय, म्युझिक कोणाच्या बाजूने आहे ते कळतं. आणि एकदा नेहमीसारखं, पण लक्ष फक्त अशा माणसाकडे ठेवायचं जो बोलत नाहीये. पहिला परिच्छेद लिहून झाल्यावर कधीतरी, असं नुसतं ऐकताना, मला त्या सीनमधलं, हसण्याखाली दबलेलं, त्याचं वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं. तो एकटाच बरोबर बोलत होता. पुढच्या सगळ्या गोंधळाची सूचना त्याने आधीच दिलेली होती आणि हे सिनेमात कोणाच्याच लक्षात येत नाही, म्हणून मग बघणाऱ्याच्याही नाही.

मग वीस मिनिटं लिहायचं. पहिल्या पानावर मत नको, एवढा एकच नियम मी पाळते. चुकीचं, प्रभावी, स्टिरिओटाईप, दमदार, हे सगळे शब्द दुसऱ्या पानासाठी. पहिल्या पानावर फक्त काय दिसलं, काय ऐकू आलं, आणि ते बघताना मी कुठे बसले होते, कोणाबरोबर, अंगात काय झालं. हात थंड पडले? रिमोट शोधला? हे फालतू वाटेल पण नेमकं हेच दुसऱ्या कोणाकडे नसतं. सीन सगळ्यांनी बघितलाय, तुमच्या खुर्चीतून तो फक्त तुम्ही बघितलाय.

दुसऱ्या पानावर मी स्वतःला विचारते की मी हे कसं स्वीकारलं. स्टुअर्ट हॉल नावाचे जमैकात जन्मलेले आणि ब्रिटनमध्ये काम केलेले अभ्यासक होते, त्यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं की बघणारा तीन तऱ्हांनी बघू शकतो. समोरच्याला जो अर्थ द्यायचाय तो जसाच्या तसा घेतो, किंवा थोडा घेऊन थोडा बदलतो, किंवा साफ उलटा लावतो. मला यातलं मोठेपण हे वाटतं की एकच माणूस एकाच सीनला तिन्ही करू शकतो, वयाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर. मी आधी हसले, मग कॉलेजात असताना म्हणायचे की तेवढा सीन सोडला तर सिनेमा छान आहे, आणि मग कधीतरी माझा आवाज चढला. या तीन मीं मधलं अंतर लिहायचं. गोष्ट तिथे असते.

तिसरी पायरी, हवी असेल तर, परत लिहिणं. तोच सीन, पण कॅमेरा दुसऱ्या कोणाकडे ठेवून. डायलॉग बदलायचे नाहीत, फक्त कोणाकडे बघायचं ते बदलायचं. हे करून बघाच, कारण दहा लेख वाचून जे कळत नाही ते या एका पानात कळतं.

आठवड्यातून दोनदा पुरे. रोज करायला गेलं की मग सिनेमा बघायची मजा जाते, आणि ती जाता कामा नये.

पण मी त्या गटातला नाही, मग मी लिहू शकतो का?

लिहू शकता, फक्त दुसऱ्याच्या खुर्चीत बसल्याचं सोंग न करता. १९७५ मध्ये लॉरा मल्व्ही या ब्रिटिश अभ्यासिकेने एक निबंध लिहिला होता, पुरुषी नजरेबद्दल, म्हणजे तेव्हाचे हॉलिवूडचे सिनेमे असे रचलेले असतात की बघणारा पुरुषच आहे असं धरून चालतात आणि बाई ही बघायची वस्तू होते. फार गाजला. पुढे १९९२ मध्ये बेल हुक्स यांनी, ज्या स्वतः कृष्णवर्णीय अमेरिकन होत्या, विचारलं की अशा मांडणीत बाई म्हणजे कोण, गोरी बाईच ना? कृष्णवर्णीय बायका तर त्या पडद्यावर बघायची वस्तू म्हणूनही नव्हत्या, आणि त्यातल्या कित्येक जणी पडद्याकडे मुद्दाम विरोधी नजरेने बघायला शिकल्या होत्या. म्हणजे मल्व्हींचं चुकलं असं नव्हे. त्यांनी त्यांच्या जागेवरून जे दिसलं ते लिहिलं, दुसरीने तिच्या जागेवरून, आणि दोन्ही मिळून आपल्याला जास्त दिसायला लागलं.

यासाठी मराठीत एक हत्यार आपल्याला फुकट मिळालेलं आहे. आपण आणि आम्ही. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. आपल्याकडे "आपण" म्हटलं की ऐकणारा आत आला, "आम्ही" म्हटलं की तो बाहेर राहिला. तुमच्या ड्राफ्टमधल्या प्रत्येक "आपण"भोवती गोल करा आणि विचारा की यात नक्की कोण कोण बसलंय. "आपण सगळेच त्या सीनला हसलो", नाही, सगळे नाही हसले. मी माझ्या एका लेखात चौदा वेळा आपण लिहिलं होतं आणि त्यातले नऊ खोडावे लागले. राहिलेल्या पाचांवर लेख उभा राहिला.

कॅमेरा तर मशीन आहे, मशीनला कसली बाजू?

हा प्रश्न प्रामाणिक असतो, म्हणून एक उदाहरण. कलर फोटो छापताना रंग बरोबर आलेत का हे तपासायला लॅबमध्ये एक नमुन्याचं कार्ड असायचं, त्याला शर्ली कार्ड म्हणायचे, कारण कोडॅकच्या सुरुवातीच्या कार्डवरच्या मॉडेलचं नाव शर्ली होतं. ती गोरी होती. म्हणजे तिची त्वचा नीट दिसली की फोटो नीट. सावळ्या, काळ्या माणसांचे चेहरे त्यात सपाट नाहीतर काळवंडलेले यायचे, आणि एकाच फोटोत दोघं असतील तर एकाचा चेहरा जायचाच. कोडॅकने फिल्म सुधारायला घेतली त्यामागे एक मोठं कारण होतं चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारी, की गडद रंगांमधला फरक फोटोत दिसत नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पुढचं पान उलटवेना. चेहरे तर तितकीच वर्षं काळवंडत होते.

सगळंच जपून करायला लागलं तर गोष्ट उरेल का?

ही भीती मला समजते. लिहिणाऱ्याने सारखं घाबरत लिहिलं तर गोष्ट मरतेच. पण मी सांगतेय ते बंदीबद्दल नाही, बघण्याबद्दल आहे, आणि नीट बघितलं की बहुतेक वेळा गोष्ट जास्त गुंतागुंतीची होते, कमी नाही.

उदाहरणच घ्या. १९८८ च्या अ फिश कॉल्ड वांडा या इंग्रजी विनोदी सिनेमात मायकेल पेलिन यांनी तोतरं बोलणाऱ्या माणसाचं काम केलं, आणि त्यावर टीका झाली. आता पेलिन यांचे वडील स्वतः तोतरं बोलायचे. पेलिन यांनी ते घरात जवळून बघितलेलं होतं, ते काम त्यांनी त्या आठवणीतून उभं केलं. आणि पुढे १९९३ मध्ये लंडनमध्ये तोतरं बोलणाऱ्या मुलांसाठी जे केंद्र सुरू झालं त्याला त्यांचंच नाव आहे. मग हे चित्रण चांगलं की वाईट? मला याचं एका ओळीत उत्तर देता येत नाही. मनात प्रेम असूनही पडद्यावरचं दुखवू शकतं, आणि दुखवलेल्यातून काहीतरी खरोखर चांगलं उभं राहू शकतं, आणि दुसऱ्याने पहिलं खोडून निघत नाही. यावर दहा पानं लिहिता येतील. "बंद करा" किंवा "मजा घ्या" यातलं एक निवडलं तर अर्ध्या ओळीत संपेल.

मग ती भूमिका त्याच माणसाने करायची का?

इथे लोकांना एक नियम हवा असतो, तसा नियम माझ्याकडे नाही. पण दार कोणासाठी कसं बंद राहिलं हे बघितल्याशिवाय या प्रश्नावर लिहू नये असं मला वाटतं. १९३७ चा द गुड अर्थ हा हॉलिवूडचा सिनेमा चीनमधल्या शेतकरी कुटुंबावर आहे. ॲना मे वाँग ही चिनी वंशाची अमेरिकन अभिनेत्री तेव्हा नावाजलेली होती आणि तिला त्यातली मुख्य भूमिका, म्हणजे शेतकऱ्याच्या बायकोची, हवी होती. पण नवऱ्याच्या भूमिकेत गोरा नट घेतलेला होता, आणि वेगवेगळ्या वंशाच्या माणसांमधलं प्रेम दाखवायला हॉलिवूडच्या नियमावलीत मनाई होती. भूमिका गेली लुइझ रायनरकडे, आणि तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं. म्हणजे चिनी बाई चिनी बाईचं काम करू शकत नव्हती, कारण तिचा पडद्यावरचा चिनी नवरा गोरा होता. हे वाक्य मी वहीत दोनदा लिहून बघितलं.

कलाकाराने दुसऱ्याचं आयुष्य वठवायचं नाही असं मी कधीच म्हणणार नाही, अभिनय म्हणजे तेच तर आहे. पण ये-जा दोन्ही बाजूंनी आहे का? मार्ली मॅटलिन या कर्णबधिर अभिनेत्रीला १९८७ मध्ये अभिनयाचं ऑस्कर मिळालं. दुसऱ्या कर्णबधिर कलाकाराला, ट्रॉय कोट्सरला, ते मिळालं २०२२ मध्ये. मधली ३५ वर्षं कोणी विचारली का?

आपल्या माणसांबद्दल लिहिताना

हे शेवटी ठेवलंय कारण सुरुवातीला कोणी ऐकत नाही, पण दोनतीन महिने लिहिलंत की हा प्रश्न येणारच. स्वतःबद्दल लिहायचं म्हणजे आजूबाजूची माणसं पानावर येतातच, भाऊ येतो, आई येते. आणि मग पडद्याने आपल्याशी जे केलं तेच आपण त्यांच्याशी करायला लागतो, शंभरातली एक गोष्ट निवडतो आणि त्यांची ओळख करून देतो.

डेव्हिड सायडलर हे लेखक लहानपणी तोतरं बोलायचे. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज हेही तोतरं बोलायचे आणि सायडलर यांना त्यांच्यावर लिहायचं होतं. त्यांनी राजाच्या पत्नीकडे, जिला राजा गेल्यावर राजमाता म्हणायचे, परवानगी मागितली. तिने कळवलं की माझ्या हयातीत नको, त्या आठवणी अजून दुखतात. सायडलर थांबले. राजमाता २००२ मध्ये गेली, वयाच्या १०१ व्या वर्षी. द किंग्ज स्पीच २०१० मध्ये आला, आणि २०११ मध्ये त्याच्या पटकथेसाठी ऑस्कर घेताना सायडलर ७३ वर्षांचे होते. राजाचं काम करणारा कॉलिन फर्थ तोतरं बोलणारा नाही. लिहिणारा होता. आणि मला तरी बघताना जाणवलं की हसणाऱ्यांच्या रांगेत मला कोणी नेऊन बसवत नाहीये. मी माइकसमोर उभी होते, घशात शब्द अडकून.

एवढं थांबायला सगळ्यांना जमणार नाही. निदान विचारावं. भावाला मी तो परिच्छेद आधी दाखवला ते त्यासाठीच. तो म्हणाला, ठेव, पण एक सांगू, मी तुझ्याकडे बघून थांबलो नव्हतो, मी थांबून तुझ्याकडे बघितलं. मी तो बदल केलेला नाही अजून. दोन्ही लिहून ठेवलंय.

सध्या मी एक पानभर सीन लिहितेय, दोन महिने झाले. तोतरं बोलणाऱ्यांपैकी खूप जणांना सगळ्यात जास्त अडतं ते स्वतःचं नाव सांगताना, कारण बाकी कुठलाही शब्द बदलून वेळ मारून नेता येते, नाव बदलता येत नाही. तर सीन असा आहे की एक मुलगी नवीन खोलीत येते, कोणीतरी विचारतं तुझं नाव काय. बास. कॅमेरा तिच्यावर आहे आणि मी कट लिहिलेला नाही. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी सवयीने समोरच्या बाईचा चेहरा दाखवला होता, तो काढला. मग तिच्या हातांचा क्लोजअप टाकला होता, तोही काढला, कारण तो पण पळ काढणंच होतं. आता फक्त तिचा चेहरा आहे आणि ती नावाच्या पहिल्या अक्षरावर आहे, आणि अकरा ओळी झाल्यात.